टूरिंगसाठी बाईक: मॉडेल ठरेना, रंगावरून घरात दोन गट

मंडळी, लांबच्या प्रवासासाठी बाईक घ्यायची आहे. बहुतेक वेळा मागे बायको आणि दोन्ही बाजूंना बॅगा असतील. रस्ते मुख्यतः डांबरी, पण शेवटचा टप्पा खराबच असणार हे धरून चाललोय. माझी उंची बेताची आहे आणि सगळं घोडं तिथेच अडलंय.

रॉयल एनफिल्ड सुपर मीटिऑर ६५०: सीटची उंची ७४० मिमी, पाय सपाट टेकतात, इंजिन एकदम मऊ. पण वजन २४१ किलो.
रॉयल एनफिल्ड हिमालयन ४५०: १९६ किलो, टाकी १७ लिटर. सीट वर-खाली करता येते; सर्वांत खाली ८२५ मिमी, तरी माझे चवडेच टेकतात.
कावासाकी व्हर्सिस ६५०: २१ लिटरची टाकी बघून जीव जडला होता, पण सीट ८४५. बसलो, आब राखून उतरलो.

मन मीटिऑरकडे झुकतंय. नुसते पाय टेकतात म्हणून गाडी घेणं बरोबर आहे का?

रंगाचं वेगळंच. मला मॅट (बिनचकाकीचा) काळा हवाय. बायको म्हणते, काळी गाडी समोरच्याला दिसत नाही, पांढरी घे. मॅट रंग पुढे कसा राहतो, तेही सांगा.

प्रतिसाद १
पाय टेकायचे ते गाडी उभी असताना. दिवसभर बसायचंय ते चालत्या गाडीवर. मीटिऑरला मागच्या सस्पेन्शनचा प्रवास (चाक वर-खाली हलायची जागा) १०१ मिमी आणि फूटपेग, म्हणजे पाय ठेवायच्या दांड्या, पुढे. खड्डा आला की पायांवर उठता येत नाही, दणका थेट माकडहाडाला. मागच्या स्वारीलाही तोच प्रसाद. हिमालयनला पुढे-मागे २०० मिमी प्रवास आहे. थांबताना बूड जरा सरकवून एक पाय नीट टेकवलात तरी भागतं. फक्त टेस्ट राईडला वहिनींना सोबत न्या, एकट्याने घेतलेली चक्कर तुमच्या काहीच कामाची नाही.

प्रतिसाद २
रंगाबद्दल: ऑकलंडमधला एक अभ्यास २००४ साली बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आला होता. गाडीच्या पुढच्या भागाचा रंग आणि अपघातात जखमी होण्याचा धोका यांचा संबंध त्यात आढळला नाही. काळ्याऐवजी पांढरं हेल्मेट घालणाऱ्यांचा धोका मात्र २४ टक्के कमी होता आणि चमकणारे किंवा फ्लोरोसंट कपडे घालणाऱ्यांचा ३७ टक्के. तेव्हा गाडी काळी घ्या, हेल्मेट पांढरं आणि जॅकेट डोळ्यात खुपेल असं. तह झाला!

मॅट मात्र घेऊ नका. त्यावर ओरखडा पडला की पॉलिश करून घालवता येत नाही, घासाल तिथे चकचकीत डाग पडतो. टँक बॅगेखाली (टाकीवर बांधतात ती) धूळ अडकून रंग घासला जातो, तोही तसाच दिसत राहतो. ग्लॉस (चकचकीत) काळ्यावर बारीक रेघा दिसतात, पण त्या निदान पॉलिशने जातात. धूळ लपवायची असेल तर करडा उत्तम.

धागाकर्ता
पांढऱ्या हेल्मेटवर घरात लगेच शिक्कामोर्तब झालं. करड्याचा विचार सुरू आहे. आता एकच शंका: हिमालयनवर दोघं आणि बॅगा म्हटल्यावर मागचा प्रीलोड (सस्पेन्शनच्या स्प्रिंगचा आधीचा ताण) वाढवावा लागेल, मग सीट पुन्हा वर येणार ना?

प्रतिसाद १
येणार, पण भाराने दबलेली गाडी जवळपास मूळ पातळीला येईल इतकीच. बॅगा काढून एकटे निघाल तेव्हा प्रीलोड आठवणीने कमी करा, नाहीतर चवडेही टेकायचे नाहीत.