नव्या स्पीकरचा ट्रेबल कानाला टोचतोय, दोष स्पीकरचा की खोलीचा?

नमस्कार मंडळी,

तीन आठवड्यांपूर्वी दोन बुकशेल्फ स्पीकर आणि स्टिरिओ अँप्लिफायर घेतला. सबवूफर (फक्त खर्जासाठीचा वेगळा स्पीकर) नाही. पहिल्या दिवशी आवाज इतका स्वच्छ वाटला की जुनी सगळी गाणी पुन्हा काढून ऐकली. पण आठवडाभरात लक्षात आलं, अर्ध्या तासाने माझा हात आपोआप आवाज कमी करायला जातो. कान शिणतात, तेही ट्रेबलने, म्हणजे आवाजातल्या उंच, बारीक भागाने.

त्रास मुख्यतः 'स', 'श' आणि 'च'चा. गायिकेने 'सांज' म्हटलं की आधी 'स' सुईसारखा येतो आणि उरलेला शब्द त्याच्या मागून. झांजेचा नाद विरत जायला हवा, तो काच तडकल्यासारखा ऐकू येतो. काल आई आतल्या खोलीतून म्हणाली, "अगं, ते जरा कमी कर ना." आवाज मोठा नव्हताच, नुसता टोचत होता.

ट्वीटर (स्पीकरमधला ट्रेबल वाजवणारा छोटा भाग) एक इंची, अ‍ॅल्युमिनियमच्या घुमटाचा. खोली साधारण 12 बाय 14 फूट, खाली फरशी, भिंती उघड्या, एका बाजूला मोठी काचेची खिडकी. मधोमध उभं राहून टाळी वाजवली की पाठोपाठ 'झर्र' असा पत्र्यासारखा आवाज येतो. मी स्पीकरपासून सात फुटांवर बसते, ट्वीटर कानाच्या उंचीला आहेत आणि दोन्ही स्पीकर थेट माझ्याकडे वळवलेले आहेत.

रेकॉर्डिंगचा दोष नसावा. तेच गाणं सीडीवरून, फोनवरून लावलं तरी तसंच, हेडफोनवर मात्र छान. ट्रेबलची कळ कमी केली तर सगळं कोंदट होतं आणि 'स' तरीही टोचतो. माझ्या वाचनानुसार 'स'चा जोर बहुतेक 5 ते 8 किलोहर्ट्झमध्ये असतो आणि ही कळ त्याच्याही वरचा भाग जास्त दाबते, म्हणून तसं होत असावं. विकणाऱ्याचं म्हणणं, शंभर तास वाजू द्या, मऊ होतील. साठेक तास झालेत, मला तरी फरक जाणवत नाही.

खिडकीवर जाड रजई टांगली आणि समोर सतरंजी अंथरली तेव्हा टाळीचा 'झर्र' गेला, टोचणं थोडं कमी झालं. पण एक गोष्ट मला उलगडत नाही. एकाच स्पीकरच्या अगदी जवळ बसलं तर आवाज भरदार वाटतो आणि टोचणंही कमी. नेहमीच्या जागेवर बसलं की खर्ज गायब, आणि गायिका मधोमध उभी आहे असं वाटतच नाही, आवाज दोन्ही बाजूंना फाकल्यासारखा येतो.

परत करायची मुदत आठ दिवसांनी संपतेय. खोलीवर मेहनत घ्यावी की कापडी घुमटाचा ट्वीटर असलेले स्पीकर बदलून घ्यावेत? ज्यांनी हे अनुभवलंय त्यांनी कृपया सांगा.

भर (दुसऱ्या दिवशी): तारांची लाल-काळी टोकं तपासायला सांगणाऱ्यांचे मनापासून आभार! डाव्या स्पीकरच्या मागे लाल तार काळ्या टोकाला लागली होती. त्यामुळे एक वूफर (स्पीकरमधला खर्ज वाजवणारा मोठा भाग) पुढे येताना दुसरा मागे जात होता आणि माझ्या जागेवर दोघांचा खर्ज एकमेकांना खात होता. खालचा आधार गेल्यावर वरचा ट्रेबल उघडा पडणारच. एका स्पीकरजवळ बसल्यावर आवाज भरदार का वाटायचा, तेही कळलं. तार बदलताच गायिका मधोमध आली आणि तबल्याच्या डग्ग्याला वजन आलं.

आता टोचणं बरंच कमी आहे, पूर्ण गेलेलं नाही. काही गाण्यांत 'श' अजून खटकतो. आज स्पीकर थोडे बाहेर वळवले, म्हणजे त्यांचा रोख माझ्या खांद्यांच्या बाहेरून जातो. त्याने आणखी सुधारलं. सतरंजी कायमची ठेवणार आहे, खिडकीला जाड पडदाही लावेन. स्पीकर परत करण्याचा विचार सोडला.

एवढंच विचारायचं आहे: फोनच्या इक्वलायझरमध्ये (आवाजाचा ठराविक भाग कमी-जास्त करायची सोय) 6 ते 7 किलोहर्ट्झच्या आसपास 2-3 डेसिबल कमी करायचे असतील, तर पट्टा किती रुंद ठेवावा, म्हणजे आजूबाजूचा किती भाग सोबत कमी होऊ द्यावा? फार अरुंद ठेवला तर झांज विचित्र वाटते, रुंद ठेवला तर बासरीतली फुंकर हरवते.