मदत हवी आहे : प्लास्टरच्या आधी एसी, कूलर आणि थर्मोस्टॅटचं ठरवायचं आहे (दर्यापूर तालुका, जि. अमरावती)

नमस्कार मंडळी,

आमचं गाव पूर्णेच्या खोऱ्यात, खारपाणपट्ट्यात. जुनं धाब्याचं घर मागच्या बाजूने खचलं, म्हणून त्याच जागेवर नवं बांधायला घेतलं. बाराशे चौरस फूट, दोन बेडरूम, हॉल, स्वयंपाकघर, वर उघडा स्लॅब. वीटकाम झालं, चौकटी बसल्या. येत्या सोमवारी वायरिंगवाला झिऱ्या मारायला येतो आणि त्याच्या मागोमाग प्लास्टर. म्हणजे तांब्याचे पाइप, एसीच्या पाण्याचा निचरा, थर्मोस्टॅटची वायर, भिंतीतून जे काही न्यायचं ते याच आठवड्यात ठरवायला हवं. अक्षय्य तृतीयेला वास्तुशांती आहे.

इतकी घाई करून विचारतोय त्यामागचं कारण सांगतो. घर बांधून होईस्तोवर आम्ही गावातच टिनाच्या दोन खोल्यांत भाड्याने राहतो. मागच्या वर्षी नवतपा (मे अखेरीचे कडक उन्हाचे नऊ दिवस) चालू असताना दुपारी लाइट गेली ती चार तास आलीच नाही. बाबा ७६ वर्षांचे. खाटेवरच पडून होते, उन्हात पाऊलही टाकलं नव्हतं. दिवेलागणीला पाहिलं तर बोलणं अडखळत होतं, अंग भट्टीसारखं तापलेलं आणि घामाचा थेंब नाही. ऊन लागलं होतं, घरात बसल्या बसल्या. तीन दिवस दवाखान्यात काढले, देवाच्या कृपेने घरी आले. तेव्हाच ठरवलं, नव्या घरात खर्च वाढला तरी चालेल, पण कोणत्याही खोलीत असं पुन्हा होऊ द्यायचं नाही.

अडचण अशी की घरातल्या प्रत्येकाच्या अंगाला वेगळं सोसतं. बाबांना थंडावा हवा. आईला संधिवात आहे, कूलरची ओली हवा तासभर लागली की तिचे गुडघे धरतात. मग ती कुणाला न सांगता उठून कूलर बंद करते आणि घामात पडून राहते. मुलगी आठ महिन्यांची. तिला घामोळ्या फार येतात, पण एसीच्या झोतात ठेवायची भीतीही वाटते. हिवाळ्यात इकडे रात्री चांगलाच गारठा पडतो, आता जानेवारीत आई पहाटे चुलीपुढून हलत नाही.

मावसभाऊ अमेरिकेत टेक्ससला असतो. त्याच्याकडे भिंतीवर एकच थर्मोस्टॅट, अख्ख्या घराची हवा त्यावर चालते. उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात गरम, रात्री आपोआप बदलते. फेब्रुवारीत येताना तसाच एक घेऊन येतो म्हणतो. अमरावतीचा एक दुकानदार म्हणतो, पूर्ण घराला डक्टचा एसी करा (एकच मोठं मशीन, छताजवळच्या नळ्यांतून सगळ्या खोल्यांत हवा), खोलीगणिक थर्मोस्टॅट देतो. दुसरा म्हणतो, तीन स्प्लिट (खोलीत एक युनिट, बाहेर एक) लावा आणि मोकळे व्हा. आमचा गवंडी म्हणतो, दोन मोठे कूलर पुरतात, आजवर कोण मेलं का कूलरने.

तर मला विचारायचं ते हे. अमेरिकेचा थर्मोस्टॅट आपल्या एसीला चालतो का? खेड्यातल्या व्होल्टेजवर डक्टचं काम टिकेल का? भिंतीवर थर्मोस्टॅट किंवा सेन्सर बसवायचाच तर कुठे? आणि आईला हाताने चालवता येईल, चष्मा न शोधता, असं काय आहे? फोनवरच्या अॅपचा तिला उपयोग नाही.

प्रतिसाद : गारवा_अकोला

दादा, बावीस वर्षं हेच काम करतो, म्हणून सविस्तर लिहितो.

भावाला थर्मोस्टॅट आणू नका म्हणावं. त्यांच्याकडे माळ्यावर किंवा तळघरात एक मोठं यंत्र असतं, तिथून २४ व्होल्टच्या बारीक वायरी भिंतीवरच्या थर्मोस्टॅटपर्यंत आलेल्या असतात. तो फक्त 'चालू हो, बंद हो' एवढा निरोप त्या यंत्राला देतो. आपल्या स्प्लिट एसीत ती वायर जोडायला जागाच नाही. आपला थर्मोस्टॅट एसीच्या पोटातच असतो. आतल्या युनिटमध्ये हवा वरून ओढली जाते, तिथे एक छोटा सेन्सर खोलीचं तापमान मोजतो आणि रिमोटवर सांगितलेल्या आकड्याशी ताडून पाहतो.

यातला दोष असा की तो सेन्सर सात-आठ फुटांवर, छताजवळ. तुमचा स्लॅब उघडा, तो दिवसभर तापून रात्री बारा-एकपर्यंत उष्णता खाली सोडत राहतो. वरची हवा गरम, म्हणून एसी जोर करत राहतो आणि खाली खाटेवरचा माणूस काकडतो. तुमच्या आईंना हाच त्रास होईल. उपाय सोपा आहे. ज्याच्या रिमोटमध्येच सेन्सर असतो असा एसी घ्या. कुठे 'आय फील' म्हणतात, कुठे 'फॉलो मी'. तो चालू केला की रिमोट ठेवला असेल तिथलं तापमान धरलं जातं. आईंच्या उशाशी स्टूलवर रिमोट ठेवा, झालं. मात्र उशीखाली किंवा पांघरुणात जाऊ देऊ नका, आणि त्याचं तोंड एसीकडे मोकळं राहू द्या.

डक्टच्या एसीच्या मी विरोधात नाही, पण तुमच्याकडे नको. एक मशीन बिघडलं की सगळं घर तापलं. अमरावतीहून माणूस यायला मे महिन्यात चार दिवस लागतात. तीन स्प्लिटमधला एक बंद पडला तर बाबांना दुसऱ्या खोलीत नेता येतं.

टनाचं गणित दुकानदार शहराच्या हिशोबाने सांगतो. एक टन म्हणजे तासाला १२,००० बीटीयू उष्णता बाहेर काढणं. पण हे मोजमाप बाहेर ३५ अंश धरून केलेलं असतं. आपल्याकडे मे महिन्यात ४५ असतात, तेव्हा तोच एसी कमी थंडावा देतो. बारा बाय तेराची खोली, वर उघडा स्लॅब, तर दीड टन घ्या, इन्व्हर्टरवाला (म्हणजे बॅटरीवरचा नव्हे, गरजेप्रमाणे वेग कमी-जास्त करणारा). माहितीपत्रकात बाहेरच्या किती तापमानापर्यंत चालतो ते वाचा, ५२ लिहिलेलं असेल तर बरं. बाहेरचं युनिट उत्तरेच्या भिंतीला, सावलीत, पण पुढे मोकळी हवा. स्लॅबवर उन्हात ठेवू नका.

सोमवारी वायरिंगवाल्याला हे सांगा: प्रत्येक एसीला बोर्डापासून स्वतंत्र ४ चौरस मिमीची वायर, वेगळा २० अँपिअरचा एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच), चांगली अर्थिंग. निचऱ्याचा पाइप भिंतीत उताराने टाका आणि प्लास्टरच्या आधी त्यात तांब्याभर पाणी ओतून पाहा. हे पाहायचं राहून गेलं की दोन वर्षांनी भिंत फुगते.

प्रतिसाद : सांदवाडी

मी आर्वीची, वर्धा जिल्हा. दादा, तुमच्या बाबांचं वाचून काळजात चर्र झालं. माझे सासरे असेच गेले, म्हणून हात जोडून सांगते: एसीचे पैसे मोजायच्या आधी स्लॅबवर थोडे खर्च करा.

तुमच्या जुन्या धाब्यावर पांढऱ्या मातीचा हातभर थर असेल आणि भिंती दोन फुटांच्या. त्या घराला थंडावा विकत घ्यावा लागत नव्हता. पाच इंची स्लॅबला ते जमत नाही. आम्ही वर विटांचा कोबा करून घेतला, त्यावर पांढऱ्या फरशीच्या तुकड्यांचं चायना मोझॅक. ते नाही जमलं तर दर फाल्गुनात चुन्याचे दोन हात द्या. शिवाय मार्च ते जून स्लॅबच्या दोन-अडीच फूट वर बांबू बांधून त्यावर तुराट्या किंवा हिरवी जाळी टाकतो. ऊन स्लॅबला लागतच नाही. रात्री पंख्याखाली हात धरला की फरक कळतो. पश्चिमेच्या खिडक्यांवर छज्जा खोल घ्या, हे आता गवंड्याला सांगता येईल, नंतर नाही.

कूलरला नाही म्हणू नका. एप्रिल-मेमधली आपली हवा इतकी कोरडी असते की बाहेर ४४ अंश आणि दमटपणा २० टक्के असला तर चांगल्या पॅडचा कूलर २८-३० अंशांची हवा देतो, तीही एसीच्या आठव्या-दहाव्या हिश्शाच्या विजेत. पण समोरची खिडकी उघडी हवी. सगळं बंद करून कूलर लावतात, मग खोली ओली होते आणि सांधे धरतात. तुमच्या आईंना कूलरपेक्षा बंद खिडकीने जास्त छळलं असेल. मृग लागला की मात्र कूलर काढून ठेवायचा, ओल्या हवेत तो निव्वळ पंखा आहे.

आणि एक, हे विसरू नका. पत्र्याच्या कूलरचा शॉक लागून दर उन्हाळ्यात आपल्याकडे लेकरं जातात. तुमची मुलगी उन्हाळ्यात धरून धरून उभी राहायला लागेल. प्लास्टिकचाच कूलर घ्या आणि घराच्या मेन बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट अंगातून किंवा पत्र्यातून गळला की लगेच लाइन तोडणारा स्विच) बसवाच. एमसीबी असला म्हणजे झालं असं नाही, तो शॉकपासून वाचवत नाही.

प्रतिसाद : पऱ्हाटी

भाऊ, आमी मूर्तिजापूरकडले, पाणी तुमच्यासारखंच खारं. कूलरात बोअरचं पाणी टाकान तं पॅडवर मिठाचा थर जमते, एका उन्हाळ्यात पॅड दगडावानी होते. वाफ होऊन पाणी जाते, मीठ टाकीतच राह्यते, मनून नुसतं वरून भरत राहू नका. दोन-तीन दिवसाले टाकी पूर्ण खाली करा, पुसून काढा, मंग भरा. डेंगूचे मच्छर बी होत नाईत. नळाचं पाणी साठवून ठेवता आलं तं कूलरले तेच वापरा.

दुसरं, तीन एसीले महावितरणकडे मंजूर भार वाढवून घ्या, आताच अर्ज करा. आन स्टॅबिलायझर कमी व्होल्टेज झेलनारा घ्या. आमच्याकडे संध्याकाळी १५० च्या खाली येते.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, तुमच्या सासऱ्यांचं वाचून थोडा वेळ पुढे लिहिताच आलं नाही.

भावाला कळवलं, थर्मोस्टॅट आणू नको. डक्टही सोडला. आता दोन गोष्टी अडल्या आहेत. लाइट गेल्यावर काय? बाबांना ऊन लागलं ते लाइट नसतानाच, तेव्हा तीन एसी असते तरी ते बंदच राहिले असते. भाचा म्हणतो, पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान आहे, सोलर बसव. आणि दुसरं, आईच्या खोलीत हिवाळ्यासाठी वेगळा हीटर ठेवायचा का?

प्रतिसाद : गारवा_अकोला

सोलर बसवा, बिल खूप उतरेल. पण लाइनला जोडलेलं साधं सोलर लाइट गेली की स्वतःहून बंद होतं. खांबावर काम करणाऱ्या लाइनमनच्या जिवासाठी ते तसंच बनवलेलं असतं. तेव्हा त्याच्या भरवशावर बाबांना ठेवू नका. त्यांच्या खोलीसाठी साइन वेव्ह इन्व्हर्टर आणि १५० एएचची बॅटरी घ्या. त्यावर एक कमी वॅटचा बीएलडीसी पंखा आणि २०० वॅटच्या आतला कूलर चार तास निघतो. एसी त्यावर चालत नाही. म्हणजे बाबांच्या खोलीत एसी असला तरी खिडकीत कूलर हवाच, आणि त्याचा प्लग पॉइंट इन्व्हर्टरच्या लाइनवर. ही वेगळी वायर सोमवारीच टाकून घ्या, नंतर भिंत फोडावी लागेल.

आईंच्या खोलीत गरम-थंड दोन्ही देणारा एसी घ्या. कॉइलच्या हीटरपेक्षा वीज कमी खातो, आणि लेकराच्या हाताला चटका लागायची भीती नाही. उन्हाळ्यात २६-२७ वर ठेवून वर पंखा हळू चालवा. २०२० पासून नवे एसी चालू करताना २४ वर येतात. तिथून दर अंश वर नेला की साधारण ६ टक्के वीज वाचते. झोत खाटेवर येणार नाही अशा भिंतीला युनिट लावा, पायथ्याच्या बाजूला नको, आडव्या भिंतीला.

भिंतीवर काही हवंच असेल तर तापमान आणि दमटपणा दाखवणारं मोठ्या आकड्यांचं घड्याळ लावा. आतल्या भिंतीला, पाच फुटांवर. पश्चिमेची भिंत, स्वयंपाकघर आणि कूलरचा झोत टाळा. दमटपणा साठच्या पुढे गेला की कूलरचा पंप बंद, फक्त पंखा.

धागाकर्ता

दादा, आज आईला समोर बसवून सगळं वाचून दाखवलं. रिमोट उशाशी ठेवायचा हे तिला पटलं. म्हणाली, त्याच्यावरच्या दोन बटणांना लाल-हिरवी टिकली लावून दे, एक वाढवायचं, एक कमी करायचं. इतर बटणांवर चिकटपट्टी लावणार आहे.

ठरलं ते असं: आईच्या आणि बाबांच्या खोलीत दीड टनाचे दोन, आईचा गरम-थंड. मुलगी आमच्यासोबत हॉललगतच्या जागेत झोपते, तिथे यंदा फक्त पाइप आणि वायर टाकून ठेवतो, एसी पुढच्या वर्षी. त्यातून वाचलेले पैसे स्लॅबच्या कोब्याला. बाबांच्या खिडकीला कूलरची चौकट आणि इन्व्हर्टरची लाइन. मेन बोर्डात आरसीसीबी. पश्चिमेचा छज्जा गवंड्याने आणखी सहा इंच वाढवायला होकार दिला.

फक्त एक राहिलं. बाबांच्या खोलीची उत्तरेची भिंत शेजाऱ्याच्या गोठ्याला लागून आहे, तिथे बाहेरचं युनिट लावलं तर कडब्याची धूळ कॉइलमध्ये जाईल का, की पूर्वेला, कडुलिंबाच्या सावलीत लावू? कुणी गोठ्याशेजारी लावलं असेल तर रविवारच्या आत कळवा.