मदत हवी आहे : लोक ॲप घेतात आणि काढून टाकतात

घडवाला:
नमस्कार. आमचं ॲप आहे. ६०० जणांनी घेतलं, आता रोज उघडणारे ४० उरलेत. फुकट आहे, कुठं अडकत नाही. पुण्यातला एक मित्र म्हणतो, लोकांना 'भावनिक अनुभव' दे, टिकतील. म्हणजे नेमकं करायचं काय? रंग बदलू? सोमवारी भागीदारांसमोर बसायचंय, जरा लवकर सांगा.

कोरडा_चहा:
कसलं ॲप?

घडवाला:
शेतकऱ्यांचं.

मिरजकर:
उसाचं, हळदीचं का म्हशीचं? ज्योतिषालासुद्धा जन्मवेळ सांगावी लागते राव.

घडवाला:
द्राक्षाचं. फवारणीच्या नोंदी. औषध आणि तारीख टाकली की काढणीआधी किती दिवस थांबायचं ते दाखवतं. सप्टेंबरच्या छाटणीला सुरू केलं.

पिक्सेलराव:
मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानमन यांचं संशोधन आहे, माणसाला अख्खा अनुभव आठवत नाही. सगळ्यात तीव्र क्षण आणि शेवट तेवढा राहतो. नोंद संपताना शाबासकी द्या, काहीतरी रंगीत उडवा.

घडवाला:
ते आहे की! दर २५ नोंदींना फटाके उडतात. तीन दिवस नोंद नसली तर 'बागेला विसरलात का?' असा मेसेज जातो.

कृष्णाकाठ:
तो मेसेज आधी बंद करा. केंद्राने नोव्हेंबर २०२३ मध्ये डार्क पॅटर्नवर, म्हणजे ॲप-वेबसाइटवर गिऱ्हाइकाला फसवायच्या क्लृप्त्यांवर, नियमावली काढलीय. १३ प्रकार आहेत, त्यात लाज वाटायला लावणंही आहे.

पिक्सेलराव:
ते काहीतरी विकत घ्यायला लावण्याबद्दल आहे. यांचं फुकट आहे. अर्धवट वाचून घाबरवू नका.

कृष्णाकाठ:
नियमात बसो न बसो, माझ्या सासऱ्यांना असा मेसेज आला तर फोन विहिरीत जाईल.

भडंगप्रेमी:
मी म्हणतो बेदाणा करा. सांगलीच्या बेदाण्याला जीआय मानांकन आहे, दर नसला तर कोल्ड स्टोरेजला ठेवता येतो.

मिरजकर:
ॲपचा बेदाणा?

कोरडा_चहा:
लोक कधी गेले, तारखा बघितल्या का? आणि उरलेले ४० कोण?

घडवाला:
४० जण निर्यातीवाले. त्यांना रेसिड्यूसाठी, म्हणजे फळात उरणाऱ्या औषधाच्या अंशासाठी, नोंद ठेवावीच लागते. तारखा बघून सांगतो.

कोरडा_चहा:
म्हणजे ते नाइलाजाने राहिलेत. त्यांना धरू नका हिशेबात.

सरबाग:
मी वापरलंय, बहुतेक तुमचंच. दिवाळीच्या तोंडावर तीन दिवस पाऊस लागला, बाग ऐन फुलोऱ्यात. रात्री बॅटरी घेऊन हिंडत होतो, घडाला हात लावला की कळ्या खाली. डावण्या रोगाच्या भीतीनं रोज एक फवारणी चाललेली. घरी येऊन नोंद टाकली तर फटाके! 'शाब्बास! २५ फवारण्या पूर्ण!' मंडळी शेजारीच बसलेली, तिनं नुसतं फोनकडं बघितलं. तिथंच काढून टाकलं. अहो, फवारण्या वाढल्या म्हणजे माझं दिवाळं वाढलं, शाबासकी कसली देता?

कोरडा_चहा:
पिक्सेलराव, हा घ्या तुमचा तीव्र क्षण.

पिक्सेलराव:
सिद्धांत बरोबरच ठरला की. फटाके चुकीच्या जागी होते.

मिरजकर:
आमच्या मामाचं औषधांचं दुकान आहे. पाऊस उघडला की मामा एकेका गिऱ्हाइकाला फोन लावतो. "बाग कितव्या दिवसाची? काल काय मारलंस?" एवढंच विचारतो, विकायचं नाव काढत नाही. गिऱ्हाईक मग आपोआप दुकानात. ॲप-बिप सोडा, एक माणूस ठेवा फोनला.

घडवाला:
माणूस परवडत नाही. पण छाटणीची तारीख आमच्याकडं आहे, पावसाचा आकडाही मिळतो. 'पाऊस झाला, बाग ३८ दिवसांची आहे, काल काय मारलं?' एवढं विचारता येईल. आणि तारखा बघितल्या. निम्म्याहून जास्त त्याच पावसाच्या आठवड्यात गेलेत. आम्ही महिनाभर सर्व्हर तपासत बसलो होतो.

सरबाग:
विचारा, पण रात्री नको. आणि आता कशात काय मिसळायचं नाही तेही सांगा, नुसतं विचारून काय उपयोग.

घडवाला:
दादा, बाग कुठं तुमची? सोमवारच्या आत येऊन जातो.

सरबाग:
मणेराजुरी. नऊच्या आत या, राहिलेल्या घडांचं डिपिंग चाललंय, घड औषधात बुडवतोय.

भडंगप्रेमी:
बेदाण्याचं कुणी बोललंच नाही.