1789 ची फ्रेंच राज्यक्रांती: नुसता पाव महागला म्हणून?

(चर्चा; तळटीप, रोजंदारी, काळी माती आणि जमाखर्च ही लिहिणाऱ्यांची टोपणनावं)

तळटीप

कालच्या चर्चेत एकाने ठोकून दिलं, "फ्रान्समध्ये लोक उपाशी, राजवाड्यात चैन, म्हणून लोक उठले. यात समजावण्यासारखं काय आहे?" खाली सगळ्यांच्या माना डोलल्या. मला हे अजिबात पटत नाही.

उपासमारीनेच राज्य उलथत असेल तर ते 1709 मध्येच उलथायला हवं होतं. तो हिवाळा 1789 पेक्षा कितीतरी पटींनी जीवघेणा होता. चौदावा लुई त्यानंतरही 1715 पर्यंत, मरेस्तोवर गादीवर होता. 1775 घ्या. अर्थमंत्री तुर्गोने धान्याचा व्यापार मोकळा केला होता, पीक कमी आलं, भाव चढले आणि एप्रिल-मेमध्ये पॅरिसभोवतीच्या बाजारांत 'पिठाचं युद्ध' झालं. लोकांनी गाड्या अडवल्या, कोठारं उघडली, पण कित्येक ठिकाणी स्वतः ठरवलेल्या रास्त भावाने धान्य विकून पैसे मालकाच्या हातावर ठेवले. मागणी एवढीच की राजाने भाव बांधून द्यावा. फौज आली, पॅरिसात दोघांना फाशी दिलं, आग विझली. राजा नको असं कोणी म्हणालं नाही.

आता चैनीचं. 1788 चा हिशेब बघा: जमा 50 कोटी लिव्र (तेव्हाचं फ्रेंच चलन), खर्च 63 कोटींच्या आसपास, त्यातले जवळजवळ 32 कोटी नुसते कर्जापोटी. दरबाराचा खर्च सहा टक्क्यांच्या घरात. फेब्रुवारी 1787 मध्ये अर्थमंत्री कालोनने सगळ्यांच्या जमिनीवर सारखा कर बसवायचा प्रस्ताव मांडला, तो मानकऱ्यांच्या सभेने अडवला. ऑगस्ट 1788 मध्ये खजिन्याला देणी थांबवावी लागली आणि 1614 नंतर पहिल्यांदा धर्मगुरू, सरदार आणि सामान्य अशा तिन्ही वर्गांची सभा बोलवावी लागली. त्यासाठी गावोगाव लोकांना सांगितलं गेलं की तुमच्या तक्रारी लिहून द्या. सरकारने स्वतः विचारलं, हा फरक आहे.

रोजंदारी

तुमचं गणित बरोबर असेल, पण खजिन्याचा ताळेबंद वाचून कोणी बास्तीयच्या किल्ल्यावर चालून जात नाही.

13 जुलै 1788 ला पॅरिसच्या आसपास ऐन उभ्या पिकावर गारपीट झाली. त्या हिवाळ्यात नद्या गोठल्या. नदी गोठली की पाणचक्कीचं चाक थांबतं, म्हणजे ज्याच्या घरात गहू आहे त्यालाही पीठ मिळत नाही. पॅरिसात चार पौंड वजनाचा पाव ऑगस्टमध्ये 9 सू (वीस सूंचा एक लिव्र) होता, डिसेंबरात 14 आणि फेब्रुवारीत साडेचौदा. मजुराला रोज 20 ते 30 सू मिळायचे आणि चौघांच्या घराला रोज असे दोन पाव लागायचे. हा सोपा हिशेब आहे: भाडं, सरपण, कपडा यांना काहीच उरत नाही. त्यात 1786 च्या करारानंतर इंग्लंडचं स्वस्त कापड आलं आणि रुआँ, त्र्वा या शहरांकडचे माग बंद पडले.

1789 च्या एप्रिलअखेर पॅरिसच्या सँताँत्वान वस्तीत रेव्हेयोंचा भिंतकागदाचा कारखाना फुटला, तो मालक मजुरी कमी करायला निघालाय या बातमीवर. जुलैत पॅरिसच्या वेशीवरची जकात नाकी जाळली गेली. ऑक्टोबरात बायका व्हर्सायच्या राजवाड्यावर गेल्या, त्याही पावासाठीच. हे सगळं तुम्ही एका वाक्यात उडवून लावताय.

तळटीप

उडवत नाही. बास्तीयमध्ये गहू नव्हता, बारूद होती. त्याच सकाळी, 14 जुलैला, अँव्हालिद या जखमी सैनिकांच्या आश्रमातून हजारो बंदुका उचलल्या होत्या, त्यांना बारूद हवी होती. 11 जुलैला लोकप्रिय अर्थमंत्री नेकरला काढलं, शहराभोवती फौजा जमल्या, म्हणून लोक हत्यारं शोधत होते.

काळी माती

तुम्ही दोघंही पॅरिसबाहेर पडायलाच तयार नाही. दोन कोटी ऐंशी लाखांच्या देशात पाचातले चार जण खेड्यात. त्यांच्यावर एक ओळ तरी लिहा!

शांपार म्हणजे काय ते बघा. गहू कापून पेंढ्या शेतात उभ्या. जहागीरदाराचा माणूस येऊन मोजेपर्यंत एकही पेंढी हलवायची नाही. बारावी पेंढी त्याची, कुठे आठवी. पाऊस आला तर भिजायच्या त्या सगळ्या. शिवाय पेंढीबरोबर पेंढाही जातो, म्हणजे गुरांच्या अंथरुणाचं आणि पुढच्या वर्षीच्या खताचंही नुकसान. चर्चचा दशमांश वेगळा, तोही शेतातच. उरलेलं धान्य दळायचं ते जहागीरदाराच्याच चक्कीवर, तिथे दळणावळ पिठातून कापली जाते. त्याची कबुतरं पेरलेलं टिपतात, त्यांना मारलं तर गुन्हा. जमीन विकली तर किमतीतला हिस्सा त्याला.

आणि मीठ. ज्या प्रांतांत 'मोठी गाबेल', म्हणजे मिठाचा जबर कर होता तिथे आठ वर्षांवरच्या प्रत्येक माणसामागे वर्षाला सात पौंड मीठ घ्यायलाच लागायचं, हवं असो नसो. शंभर पौंडांना साठ लिव्रच्या आसपास. तेच मीठ शेजारच्या ब्रिटनी प्रांतात दोन-तीन लिव्र. बरं, सक्तीचं मीठ फक्त हंडीत आणि ताटात घालायचं. डुकराचं मांस खारवायला वापरलं की दंड, त्यासाठी वेगळं विकत घ्या. वेशीवरून पिशवीभर मीठ आणणाऱ्या बायका-पोरांना पकडायचे, पुरुषांना सक्तमजुरीला धाडायचे. आणि ठरावीक अधिकाऱ्यांना, संस्थांना मात्र ते मूळ किमतीत मिळायचं.

जमाखर्च

चर्चा राजसत्तेची आहे, तुम्ही मिठात शिरलात. मिठाचा कर राजाचा, जहागीरदाराचा नाही. दोन्ही एकत्र कालवू नका. आणि जर्मनीत एल्बे नदीपलीकडच्या कुळापेक्षा फ्रेंच शेतकऱ्याची स्थिती खूप बरी होती. देशातली तिसरा हिस्सा तरी जमीन त्याच्या नावावर होती. मग तिकडे उठाव का नाही झाला?

काळी माती

कारण इथे जमीन *त्याची* होती! दुसऱ्याच्या शेतात राबणाऱ्याला वेठ हा कामाचाच भाग वाटतो. स्वतःच्या शेतात, स्वतःच्या पैशाने घेतलेल्या तुकड्यावर कोणी तरी पेंढ्या मोजायला येतो तेव्हा ते जिव्हारी लागतं. तिकडचा मालक गावात राहून न्यायनिवाडा तरी करायचा. इकडचा मोठा सरदार व्हर्सायला आणि गावात त्याचा कारभारी, जुनी दप्तरं चाळून विसरलेली देणी पुन्हा काढणारा. त्या दप्तरांना तेरिये म्हणायचे. 1789 च्या जुलैत माकोने, दोफिने, फ्राँश-काँते या प्रांतांत लोक वाड्यांवर गेले ते हेच कागद मागायला. कागद मिळाले की अंगणात होळी. कारभाऱ्याने आढेवेढे घेतले की वाडाच पेटायचा.

रोजंदारी

आणि तेव्हाच का? त्या जुलैत खेड्यांत 'महाभय' म्हणतात ती घबराट पसरली ती कोणत्या अफवेने? सरदारांनी पोसलेले लुटारू हिरवं पीक कापायला येताहेत! जुन्या धान्याचे कणगे रिकामे, नवं अजून शेतात. तिथेही मूळ भीती भाकरीचीच. यावर बोला.

तळटीप

हे मानतो. उठावाचा आठवडा भुकेने ठरला. पण रोख सरदारांकडे वळला तो मार्चपासून गावागावात तक्रारी लिहिल्या गेल्या म्हणून. 1775 मध्ये तोच भुकेला माणूस फक्त धान्यवाल्यावर चिडला होता.

जमाखर्च

बरं, मिठावरून मी जास्त बोललो. पण 4 ऑगस्ट 1789 च्या रात्री राष्ट्रीय सभेच्या ठरावाने सरंजामी हक्क गेले, म्हणजे गावकऱ्यांचं समाधान झालं असणार. मग राजसत्ता का गेली?

काळी माती

गेले कुठे? ठराव म्हणाला 'संपूर्ण रद्द', पण जमिनीवरची देणी विकत घेऊन सोडवायची अट होती. 1790 च्या कायद्याने दर ठरवला: रोखीच्या देण्याला वर्षाच्या वीस पट, धान्यातल्याला पंचवीस पट. वर्षाला चार पोती देणाऱ्याने शंभर पोत्यांची किंमत आणायची कुठून? खेडी तीन वर्षं धुमसत राहिली ती यामुळे. भरपाईशिवाय सगळं रद्द झालं ते 17 जुलै 1793 ला, राजाचा शिरच्छेद होऊन सहा महिने होत आले तेव्हा. त्या कायद्यात कागद जाळायचा हुकूम होता, आणि दडवणाऱ्याला पाच वर्षं बेड्या.

रोजंदारी

आणि त्याच वर्षी 29 सप्टेंबरला पॅरिसच्या दबावाखाली भाव बांधायचा कायदा झाला. पिठाच्या युद्धातली मागणी अठरा वर्षांनी पुरी झाली. तळटीप, तुमचा 1775 चा मुद्दा मला इथे घ्यावा लागतोय. भाव बांधून द्या हीच हाक होती. फक्त ती ऐकायला तेव्हा राजा उरला नव्हता.