मदत हवी आहे: बंप स्टॉपर गेले, शॉकअपही बदलू का?

राजेहो, गाडी 2006 ची अल्टो. पांदण रस्त्यावर खड्डा आला की पुढून धाडकन आवाज येतो. काल चाक काढून शॉकअपचं रबरी बूट वर सरकवलं, तर आतला बंप स्टॉपर (शॉकअप पूर्ण दबला की धक्का झेलणारा फोमचा तुकडा) भिजलेल्या ढेपेसारखा हातातच कुस्करला.

गावचा मिस्त्री म्हणतो, जुनी ट्यूब कापून गुंडाळू. मला नाही पटत. फोम हळूहळू दबतो, ट्यूबचं रबर तसं दबणार नाही. नवा टाकायचा तर स्प्रिंग दाबून वरचा नट खोलावा लागतो, अन् दाबलेली स्प्रिंग नुसती दोरीनं बांधून तिच्याजवळ तोंड न्यायची आपली हिंमत नाही, बाप्पा!

यवतमाळ-दारव्ह्याकडे स्प्रिंग कॉम्प्रेसर (स्प्रिंग दाबून धरायचं अवजार) असलेलं गॅरेज आहे का? शॉकअपच्या दांड्यावर तेल दिसत नाही, म्हणजे गळती दिसत नाही. मग नुसते स्टॉपर अन् बूट बदलून भागेल का? सोयाबीन सवंगणीआधी करायचं आहे.