मदत हवी आहे: लिनक्स मिंटवर पडदा १०२४×७६८ वरच अडकला आहे

पेन्सिल: संगणकावर लिनक्स मिंट बसवून घेतल्यापासून १०२४×७६८ याखेरीज दुसरे रिझोल्यूशन मिळत नाही. डिस्प्ले सेटिंगमध्ये तेवढा एकच पर्याय दिसतो आणि वर्तुळे आडवी ताणलेली दिसतात. उद्या एका स्मरणिकेची पाने लावून द्यायची आहेत, तेव्हा ‘विंडोजवर परत जा’ हा सल्ला कृपया देऊ नये.

उंबरठा: मिंटची आवृत्ती, ग्राफिक्स कार्ड आणि मॉनिटरची जोडणी यांपैकी काहीच आपण लिहिलेले नाही.

पेन्सिल: मॉनिटर साधाच आहे, १९२०×१०८० चा. विंडोजवर तो व्यवस्थित चालत होता.

तांबडी माती: केबल व्हीजीएची असणार. तिच्या बाराव्या आणि पंधराव्या पिनेवरून मॉनिटर आपली क्षमता, म्हणजे ईडीआयडी, संगणकाला कळवतो. स्वस्त केबलमध्ये या पिना पुष्कळदा जोडलेल्याच नसतात, आणि मग संगणक १०२४×७६८ वर समाधान मानतो. केबल बदला.

अधिक-उणे: त्यासाठी दुकान गाठायची गरज नाही. टर्मिनलमध्ये सीव्हीटी ही आज्ञा १९२० १०८० ६० हे आकडे देऊन चालवा, आणि जी मोडलाइन, म्हणजे त्या रिझोल्यूशनच्या आकड्यांची ओळ, मिळेल ती एक्सरँडर या पडद्याचे रिझोल्यूशन ठरवणाऱ्या आज्ञेच्या न्यूमोड व अ‍ॅडमोड या पर्यायांनी जोडा.

तांबडी माती: ही मलमपट्टी लॉगआउट केल्यावर पुसली जाते, हेही सांगावे.

अधिक-उणे: लॉगइन करताना वाचल्या जाणाऱ्या एक्सप्रोफाइल फाइलीत लिहून ठेवल्यास दर वेळी आपोआप लागू होते. मी तशीच वापरतो.

निळाई: अक्षरे बारीक दिसत असतील, तर फाँट सेटिंगमध्ये टेक्स्ट स्केलिंग १.२ करून पाहावे.

पेन्सिल: अक्षरे बारीक नाहीत, अवाढव्य आहेत! केबल एचडीएमआयची आहे. एक्सरँडर चालवल्यावर आधी गॅमासंबंधी एक तक्रार उमटते, मग एचडीएमआय या नावाऐवजी नुसते ‘डिफॉल्ट’ येते, आणि नवा मोड जोडू गेल्यास तो नाकारला जातो. मिंट २१ आहे, कार्ड एनव्हिडियाचे.

उंबरठा: हे आधी लिहिले असते तर बरे झाले असते. जोडणीचे नाव ‘डिफॉल्ट’ येते, याचा अर्थ कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारा प्रोग्राम, चाललेलाच नाही, आणि अशा वेळी मोडलाइन कितीही अचूक असली तरी ती स्वीकारणारे कोणी नसते. प्रॉक फोल्डरमधील सीएमडीलाइन फाइल उघडून तीत ‘नोमोडसेट’ हा ड्रायव्हरला पडद्याचा मोड ठरवू न देणारा शब्द आहे का, ते पाहा.

पेन्सिल: आहे. ज्यांनी मिंट बसवून दिले, त्यांनी सुरुवातीला पडदा काळा येत होता म्हणून तो घातला होता.

उंबरठा: मग आधी ड्रायव्हर मॅनेजरमधून शिफारस केलेला ड्रायव्हर बसवा. त्यानंतर ईटीसी फोल्डरातील डिफॉल्टमधली ग्रब (संगणक सुरू करणारा प्रोग्राम) याची फाइल सुडो, म्हणजे प्रशासकाचे अधिकार, वापरून उघडा, तेवढा एकच शब्द काढा, अपडेट-ग्रब चालवा आणि संगणक पुन्हा सुरू करा. पडदा पुन्हा काळा आलाच, तर ग्रबच्या यादीत ‘ई’ दाबून तो शब्द त्या वेळेपुरता परत घालता येतो.

पेन्सिल: १९२०×१०८० आले. आभार. पाने लावायला बसतो.

तांबडी माती: एचडीएमआयमध्येही ईडीआयडी पंधराव्या आणि सोळाव्या पिनेवरूनच जातो. केबल एकदा तपासून घ्यावी.