प्रश्नावली १८ प्रश्नांची, फाइंडिंग्ज १४ पानांच्या: काय कापू, काय ठेवू?

कोरा_कागद
नमस्कार मंडळी. पदव्युत्तर शोधनिबंध आहे, शब्दमर्यादा ५,०००. विषय: वर्गातल्या नोट्स हाताने लिहिणारे आणि लॅपटॉपवर टाइप करणारे विद्यार्थी यांच्या उजळणीच्या सवयीत फरक आहे का. १५० प्रश्नावल्या वाटल्या, १३८ परत आल्या, त्यातल्या ६ अर्धवट निघाल्या, विश्लेषणाला १३२ उरल्या. शिवाय ९ मुलाखती. प्रश्नावलीत १८ प्रश्न; प्रत्येक प्रश्नाला एक पाय चार्ट आणि खाली एक परिच्छेद असं लिहीत गेलो आणि १४ पानं झाली. मार्गदर्शकांचा शेरा: "ही माहिती आहे, फाइंडिंग्ज नाहीत."

क्रम कसा लावायचा, आकडे कुठल्या रूपात द्यायचे आणि मुलाखती कुठे बसवायच्या, हे नेमकं हवं आहे. मुख्य प्रश्नाचं उत्तर असं आलंय: हाताने लिहिणाऱ्या ६० पैकी ३९ जण दर आठवड्याला उजळणी करतात, टाइप करणाऱ्या ७२ पैकी ३३. काय-वर्ग चाचणीत (गटांतला फरक निव्वळ योगायोगाचा असू शकतो का, ते तपासणारी चाचणी) मात्र दोन किमती दिसतात, ४.८५ आणि ४.११. कुठली लिहू?

तळटीप
शेरा बरोबर आहे. प्रश्नावलीचा क्रम उत्तर देणाऱ्याच्या सोयीने लावलेला असतो, सोपे प्रश्न आधी, नाजूक शेवटी. वाचणाऱ्याला त्याच्याशी देणंघेणं नसतं. तो प्रस्तावनेतली उद्दिष्टं वाचून आलेला असतो आणि त्यांचीच उत्तरं शोधत असतो. म्हणून फाइंडिंग्जचे उपविभाग उद्दिष्टांप्रमाणे पाडा, त्याच क्रमाने, शक्यतो त्याच शब्दांत.

लिहायला बसण्याआधी कागदावर चार रकाने आखा: उद्दिष्ट, त्याला लागू पडणारे प्रश्न, कोष्टक, आणि एका वाक्यात उत्तर. शेवटचा रकाना भरता येत नसेल तर त्या उद्दिष्टाचं विश्लेषण अजून झालेलंच नाही. कुठल्याच उद्दिष्टाखाली न बसणारे प्रश्न परिशिष्टात टाका. मेहनतीने विचारलेला प्रश्न कापताना जीवावर येतं, पण कापा.

सुरुवात नमुन्यापासून. "१५० प्रश्नावल्या वितरित केल्या. १३८ (९२%) परत आल्या. ६ अपूर्ण असल्याने वगळल्या. विश्लेषण १३२ प्रतिसादांवर आधारित आहे." एवढं पुरे. त्यानंतर प्रतिसादकांच्या माहितीचं एकच कोष्टक: वय, वर्ष, शाखा वगैरे. त्याखाली दोन ओळी. कोष्टकातला प्रत्येक आकडा गद्यात पुन्हा लिहिणं हेच तुमची पानं फुगण्याचं मुख्य कारण असणार. गद्याने कोष्टकातली सर्वात मोठी गोष्ट, अपवाद किंवा अनपेक्षित बाब दाखवायची. बाकीचं वाचणारा स्वतः पाहतो.

परिच्छेदाची पहिली ओळ म्हणजे उत्तर. "कोष्टक ३ मध्ये नोट्सची पद्धत व उजळणी यांची माहिती दिली आहे" या वाक्यातून काहीच कळत नाही. त्याऐवजी: "हाताने नोट्स लिहिणाऱ्यांमध्ये साप्ताहिक उजळणीचे प्रमाण टाइप करणाऱ्यांपेक्षा अधिक आढळले (कोष्टक ३)." मग टक्केवारी, मग चाचणी.

पाय चार्ट सगळे काढा. होय/नाही असं उत्तर असेल तर वाक्य पुरतं, गट जास्त असतील तर स्तंभालेख, आणि स्तंभालेखाचा उभा अक्ष शून्यापासूनच सुरू करा. त्रिमितीय चार्ट तर नकोच, त्यात पुढचा तुकडा असतो त्यापेक्षा मोठा दिसतो. एकच माहिती कोष्टक आणि आलेख अशी दोनदा देऊ नका. ५,००० शब्दांत तीन-चार कोष्टकं आणि एखाद-दुसरा आलेख म्हणजे भरपूर. फाइंडिंग्जना साधारण १,२०० ते १,५०० शब्द.

मध्यमान
दोन किमतींचं गूढ सोपं आहे. २×२ कोष्टकासाठी (दोन गट, दोन उत्तरं) ४.८५ हा पिअर्सनचा साधा काय-वर्ग; ४.११ ही येट्सची दुरुस्ती (किंमत थोडी खाली आणणारी) लावलेली किंमत. एसपीएसएस हे सांख्यिकी सॉफ्टवेअर दोन्ही छापतं. 'आर'मध्ये २×२ ला ही दुरुस्ती सांगितल्याशिवायच लागते, त्यामुळे दोन सॉफ्टवेअरमध्ये उत्तरं जुळत नाहीत आणि लोक घाबरतात. तुमच्या कोष्टकातली सर्वात लहान अपेक्षित वारंवारता (काहीच संबंध नसता तर त्या चौकटीत येणारी संख्या) ६०×६०÷१३२, म्हणजे सुमारे २७ आहे; साधी किंमत चालेल. कुठली वापरली ते पद्धतीच्या विभागात एका वाक्यात लिहा आणि शेवटपर्यंत तीच ठेवा. पी-मूल्य (काहीच संबंध नसताना एवढा किंवा याहून मोठा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता) अनुक्रमे ०.०२८ आणि ०.०४३ येतं, दोन्ही ०.०५ या नेहमीच्या मर्यादेच्या आत, म्हणजे निर्णय बदलत नाही. अपेक्षित वारंवारता ५ च्या खाली गेली असती तर २×२ साठी फिशरची अचूक चाचणी घ्यावी लागली असती. लक्षात ठेवा, अट अपेक्षित वारंवारतेची आहे, मिळालेल्या आकड्याची नाही.

तुमचं वाक्य असं होईल:

"हाताने नोट्स लिहिणाऱ्या ६० पैकी ३९ (६५.०%) आणि टाइप करणाऱ्या ७२ पैकी ३३ (४५.८%) विद्यार्थी दर आठवड्याला उजळणी करतात, फरक १९.२ टक्केबिंदू (९५% विश्वास अंतराल २.५ ते ३५.८). हा फरक सांख्यिकीयदृष्ट्या सार्थ आहे (काय-वर्ग = ४.८५, स्वाधीनता मात्रा = १, पी = ०.०२८, फाय = ०.१९)."

फाय हे संबंधाच्या जोराचं माप; ०.१९ म्हणजे संबंध आहे, पण दुबळा. विश्वास अंतराल पाहा: खरा फरक अडीच टक्केबिंदूंइतका किरकोळही असू शकतो. म्हणून "लक्षणीय", "मोठा" असले शब्द नकोत. आणि "१९ टक्क्यांनी जास्त" असं लिहू नका, ४५.८ वरून ६५.० ही सापेक्ष वाढ सुमारे ४२ टक्के आहे. दोन टक्केवारींची वजाबाकी केली की एकक टक्केबिंदू.

बाकी नियम भराभर: टक्केवारीसोबत छेद (किती जणांपैकी) द्याच. एक दशांश स्थळ पुरतं. गट २०-२५ जणांचा असेल तर तेही नको, कारण तिथे एकच माणूस चार-पाच टक्के हलवतो. सॉफ्टवेअरने पी ०.००० दाखवलं तर "०.००१ पेक्षा कमी" लिहा, शून्य कधीच नसतं. आकडे एका दशांश स्थळापर्यंत आणल्याने बेरीज ९९.९ किंवा १००.१ आली तर कोष्टकाखाली टीप टाका, एखादा आकडा ओढूनताणून बदलू नका. "लागू असतील ते सर्व पर्याय निवडा" या प्रश्नात बेरीज १०० च्या वर जाणारच, तीही टीप हवी. एखाद्या प्रश्नाला १३२ पैकी १२७ जणांनीच उत्तर दिलं असेल तर छेद १२७.

कोरा_कागद
फार उपयोगी. अजून दोन गोष्टी. लिंग, वर्ष आणि शाखेनुसारही हाच फरक तपासला. लिंगानुसार काही निघालं नाही, तर "शून्य परिकल्पना (फरक नाही हे गृहीतक) सिद्ध झाली" असं लिहू का? आणि पाच बिंदूंच्या मापनश्रेणीवरच्या विधानांची सरासरी द्यायची का?

मध्यमान
सिद्ध होत नाही. "शून्य परिकल्पनेचा त्याग करता आला नाही" किंवा "सार्थ फरक आढळला नाही", आणि पुढे आकडे. फरक न सापडणं हीसुद्धा फाइंडिंग आहे, ती गाळू नका.

पण किती चाचण्या केल्या ते आधी मोजा. १८ प्रश्न गुणिले ४ चलं म्हणजे ७२ चाचण्या; काहीही खरं नसलं तरी ०.०५ च्या पातळीवर तीन-चार नुसत्या योगायोगाने "सार्थ" येतील. नोट्स आणि उजळणीची परिकल्पना आराखड्यातच लिहिलेली असेल तर तिचं ०.०२८ आहे तसं उभं राहतं. चारही चाचण्या सारख्याच महत्त्वाच्या म्हणून मांडल्या तर बॉन्फेरोनीप्रमाणे (मर्यादेला चाचण्यांच्या संख्येने भागण्याची पद्धत) ०.०५ ÷ ४ = ०.०१२५ ही मर्यादा लागते आणि तुमचा मुख्य निकाल बाहेर पडतो. म्हणून मुख्य परिकल्पना वेगळी मांडा. बाकीच्या चाचण्या "शोधात्मक" असं स्पष्ट लिहून त्याखाली.

सरासरीबद्दल: एकट्या विधानाची सरासरी ३.० आली तर सगळे तटस्थ आहेत की निम्मे १ वर आणि निम्मे ५ वर, ते कळत नाही. पाचही पर्यायांची वारंवारता द्या, हवी तर सोबत मध्यगा (क्रमाने लावल्यावर मधली येणारी किंमत). अनेक विधानं मिळून एक श्रेणी बनवली असेल तर तिचं मध्यमान आणि प्रमाण विचलन चालतं, पण क्रॉनबॅकचा अल्फा (विधानं एकमेकांशी कितपत जुळतात त्याचं माप) आधी द्या.

उभा_छेद
मुलाखती शेवटी वेगळ्या गठ्ठ्यात ठेवू नका. ज्या उद्दिष्टाला त्या उत्तर देतात तिथेच आकड्यांनंतर आणा. आकडे "किती" सांगतात, मुलाखती "कसं" सांगतात.

९ मुलाखतींना ३ ते ४ आशयसूत्रं (मुलाखतींत पुन्हा पुन्हा येणारे मुद्दे) पुरेत. सूत्राचं नाव विषयासारखं ठेवू नका, विधानासारखं ठेवा: "वेळेची अडचण" ऐवजी "टाइप केलेल्या नोट्स पुन्हा उघडल्या जात नाहीत". प्रत्येक सूत्राखाली आधी तुमचं विधान, मग दोन अवतरणं, वेगवेगळ्या व्यक्तींची, म२, म७ अशा संकेतांकासह. सगळी अवतरणं म४ चीच असतील तर परीक्षकाच्या ते लगेच ध्यानात येतं. अवतरणानंतर एक ओळ तुमची हवी, पण त्याच शब्दांची पुनरुक्ती नको. ९ जणांत टक्केवारी चुकूनही नको. "९ पैकी ६" लिहा. सूत्राच्या उलट बोलणारा एखादा असेल तर तोही द्या, त्याने विश्लेषण विश्वासार्ह होतं. संकेतांक दिला तरी "शेवटच्या वर्षाची, अमुक शाखेतली एकमेव विद्यार्थिनी" अशा वर्णनाने ओळख फुटते, तेवढं सांभाळा.

शाई_पुसट
एक मतभेद. तळटीप यांनी फाइंडिंग्ज आणि चर्चा (निकालांचा अर्थ लावणारा विभाग) वेगळ्याच असतात असं धरलंय. मुलाखतीप्रधान निबंधात दोन्ही एकत्र लिहिले तर जास्त वाचनीय होतात. विभागाचा नमुना पाहून ठरवा.

तळटीप
मान्य, नमुन्यात एकत्र असेल तर प्रश्नच नाही. इथे मात्र काय-वर्ग आहे, परिकल्पना आहे. वेगळं ठेवणं सोपं जाईल. मसुद्यात "कारण", "यावरून असे दिसते", "म्हणून शिक्षकांनी" हे शब्द शोधा. बहुतेक ती वाक्यं चर्चेत हलवायची असतात. "हाताने लिहिल्यामुळे उजळणी वाढते" तर चर्चेतही चालणार नाही. एकाच वेळी घेतलेल्या सर्वेक्षणातून संबंध कळतो, कार्यकारण नाही. मुळात अभ्यासू असणारेच हाताने लिहीत असतील.

सॉफ्टवेअरचे स्क्रीनशॉट चिकटवले असतील तर काढून कोष्टकं नव्याने आखा. शीर्षक वर, एककं रकान्याच्या डोक्यावर, एकूण संख्या शीर्षकात. आणि सादर करण्याआधी सारांशातला, फाइंडिंग्जमधला आणि कोष्टकातला प्रत्येक आकडा शेजारी शेजारी ठेवून ताडून पाहा. सारांश सहसा जुन्या मसुद्यातला राहून गेलेला असतो, त्यात १३२ च्या जागी १३८ सापडतात.